गळापासून दोरापर्यंत

रंगपंचमीला वाई तालुक्यातल्या बावधनला माणूस उंच शिडाला टांगतात. त्या वर्षी टांगला जाणारा माणूस, म्हणजे बगाड्या, कोण, हे होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात कौल लावून ठरते. नवस बोललेले पुष्कळ असतात, कौल एकालाच मिळतो. कृष्णाकाठी सोनेश्वराला त्याला अंघोळ घालतात, शिडाला बांधतात आणि ते शीड ज्यावर उभे असते तो दगडी चाकांचा अवजड गाडा, म्हणजे बगाड, बैलांच्या जोड्या जुंपून गावाकडे ओढतात. वाटेत शिवारागणिक बैल बदलतात. वर बांधलेला माणूस मात्र तोच.

हे बांधणे नंतरचे. आधी होता गळ. लोखंडी आकडे पाठीच्या मांसात रुतवून नवसकऱ्याला आडव्या लाकडाला लटकवत. 1516च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगिजाने विजयनगरच्या मुलखात अशा टांगलेल्या स्त्रियांचे वर्णन केले आहे. बंगालात हीच चाल चडकपूजेत होती; तिथे 1865 साली इंग्रज सरकारने ती बंद करायला लावली. महाराष्ट्रातही गळ मागे पडला, नवस टिकला.

सरकारी धाकापलीकडेही या बदलाला अर्थ आहे. गळाच्या काळी नवसाची कसोटी वेदनेत होती. आता ती बांधणाऱ्यांच्या हातात आहे: गाठ सैल पडली तर माणूस खाली, फार आवळली तर अंग बधिर. नवसकरी आपला सगळा भार गावावर सोपवतो.

आणि दोराला या भागात तोटा कधीच नव्हता. घायपाताचा वाख काढून नाडे, कासरे, दावी, चऱ्हाटे वळणे हे सातारा-सांगलीच्या गावगाड्यात मातंग समाजाचे पिढीजात कसब. शेती, मोट, बैल, सगळे त्यांच्या हातच्या पिळावर चालले. यात्रेच्या वर्णनांत त्यांचे नाव क्वचितच येते, हा अन्यायच.

माणूस दोराने बांधण्याची चाल जपानमध्येही होती, पण तिथे तिची वाट वेगळी. एदो काळात कैदी जखडण्याचे होजोजुत्सू हे शास्त्र होते. कैद्याच्या दर्जानुसार बांधणी बदले. चित्रकार इतो सेइउ (1882–1961) यांनी ती चित्रांत आणि छायाचित्रांत आणली, आणि पुढे किनबाकू किंवा शिबारी ही प्रौढांनी परस्परसंमतीने करायची कला घडली. तिच्यात कामभावना उघड आहे, बावधनला देवभक्ती. दोन्ही एक नव्हेत. पण स्वतःच्या मर्जीने बांधून घेणारा आणि त्याच्या बोटांना मुंग्या येतात का, श्वास नीट चालतो का, हे पाहत राहणारा बांधणारा, ही जोडी शिबारीचा प्राण आहे. जाणकार तिची ओढ याच विश्वासात शोधतात.

बावधनची ओढही अशीच घट्ट. 2021 साली कोरोनामुळे यात्रेला मनाई होती. गावाने तरीही बगाड काढले, आणि पोलिसांनी गावकऱ्यांवर गुन्हे दाखल केले.