शेंडा खुडला की तुरीच्या खोडात काय घडते

अकोला-अमरावती पट्ट्यात तूर दीडेक महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडतात. खारपाण पट्ट्यातल्या हरभऱ्याचेही तेच. त्याच्या कोवळ्या शेंड्यांचा घोळाणा, म्हणजे कच्ची कोशिंबीर, होतो. पुढच्या काही दिवसांत पानांच्या बेचक्यातले डोळे फुटतात आणि झाड डेरेदार होते. डोळे आधीपासून होतेच. शेंड्याकडून ऑक्सिन हे संप्रेरक खाली येत होते, तोवर ते दबून होते. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1933-34 मध्ये बाकल्याचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावले, तेव्हा डोळे दबलेलेच राहिले.

ऑक्सिन पेशीपेशींतून उतरते कसे? ते सौम्य आम्ल आहे. पेशीभित्तीतला ओलावा आम्लधर्मी, सामू साधारण 5.5, तिथे त्याचे काही रेणू विद्युतभाररहित असतात आणि पेशीपटलातून आत झिरपतात. आतला सामू 7 च्या आसपास. तिथे रेणू भारित होतो आणि अडकतो. बाहेर पडायला त्याला ‘पिन’ प्रथिनांची मदत लागते, आणि खोडातल्या या पेशींत ती प्रथिने मुख्यतः तळाच्या बाजूला असतात. म्हणून प्रवास खालीच, ताशी सुमारे एक सेंटिमीटर. बाहेर नेणारे असे वाहक असावेत, हा विचार 1974 मध्ये मांडणाऱ्यांपैकी रुपर्ट शेल्ड्रेक त्याच सुमारास हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत तूर-हरभऱ्यावर काम करायला आले.

गंमत अशी की शेंड्याचे हे ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही. ते खोडातच डोळ्यांना फुटायला लावणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते आणि त्यांना दाबणारे स्ट्रायगोलॅक्टोन वाढवते. डोळ्यावर परिणाम होतो तो या दोघांचा. शिवाय फुटणाऱ्या डोळ्याला स्वतःचे ऑक्सिन खोडात सोडावे लागते, आणि वरून येणारा प्रवाह जोरात असेतो त्याला वाट मिळत नाही.

एवढ्यानेही सगळे उलगडत नाही. वाटाण्यावरचे 2014 चे प्रयोग सांगतात की शेंडा कापल्यावर दूरचे डोळे ऑक्सिन घटण्याआधीच वाढू लागतात. त्यांच्यापर्यंत आधी पोहोचते ती साखर. वाढता शेंडा ती ओढून घेत असतो. तो गेला की ती डोळ्यांकडे वळते.

म्हणून खुडणीचा दिवस केवळ पेरणीपासून मोजून ठरवू नये, असे मला वाटते. पावसाने ताण दिला असेल, पाने मलूल असतील, तर ऑक्सिन थांबवूनही डोळ्यांना पुरेशी साखर मिळणार नाही. जमिनीत ओल येऊन पाने टवटवीत होईपर्यंत खुडणी थांबवलेली बरी.