रॉकेलवरचा फ्रिज आणि मी खरवडलेला पुरावा

१/ फ्रिज गार व्हावा म्हणून त्याच्या पोटाखाली दिवा पेटवावा लागे, असे कोणी सांगितले तर आज ती थट्टा वाटेल. पण असे फ्रिज होते. ते रॉकेलवर चालत. त्यांतलाच एक राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत पापडांचे कपाट म्हणून कित्येक वर्षे उभा होता. गेल्या उन्हाळ्यात तो पूर्ववत करण्याचा छंद मी हाती घेतला. हा धागा त्या फ्रिजचा आहे, शीतकरणाच्या इतिहासाचा आहे आणि माझ्याच हातून नष्ट झालेल्या एका साधनाचाही आहे.

२/ फ्रिज माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. ते गावात डॉक्टर होते. वीज नव्हती, पण इन्शुलिन आणि लसी थंड ठेवणे भाग होते. आज त्या फ्रिजचे रूप विचित्र आहे. मागे धुराड्याचा काजळलेला पत्रा. खाली, रॉकेलची टाकी सरकवण्याच्या खणात, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर बसवलेला कॉम्प्रेसर. पाठीवर दुसऱ्याच कुठल्या तरी फ्रिजची जाळी. आणि दाराला चक्क कडी-कोयंडा. नाममुद्रेच्या जागी स्क्रूची दोनच भोके उरली आहेत.

३/ हे रूप समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. यंत्राने थंडी निर्माण होण्यापूर्वी ती जहाजाने येत असे. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिकडच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी उरलेला विकण्याजोगा होता. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ साठवण्यासाठी बर्फघर उभे राहिले. थंडी ही त्या काळी आयात होणारी वस्तू होती.

४/ दुसऱ्याच वर्षी, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्सने लंडनमध्ये दाबयंत्रावर चालणाऱ्या शीतकरणाचे पेटंट घेतले. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजचे कूळ तेच. दुसरे कूळ फ्रान्समधले. फर्दिनां कारे याने १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी यांच्या साहाय्याने, उष्णता वापरून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आमच्या पडवीतला फ्रिज जन्माने या दुसऱ्या कुळातला.

५/ त्याचे घरगुती रूप १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये सिद्ध झाले. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स हे तेथील तंत्रविद्यालयाचे विद्यार्थी होते. माझ्याच वयाचे, हे लिहिताना थोडा हेवा वाटतो. त्यांच्या रचनेत पंप नव्हता, मोटर नव्हती, हलणारा एकही भाग नव्हता. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती रचना विकत घेतली आणि ती जगभर पोहोचली.

६/ आगीतून थंडी कशी? आपला माठ आठवा. पाणी बाष्प होताना उष्णता ओढून घेते, म्हणून उरलेले पाणी गार होते. येथे पाण्याचे काम अमोनिया करतो. ज्योतीने पाण्यातला अमोनिया वायुरूपाने सुटतो, वर जाऊन निवतो आणि द्रव होतो. मग तो हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. तेथे अमोनियाचा स्वतःचा दाब कमी असल्यामुळे त्याचे झपाट्याने बाष्प होते आणि आतली उष्णता शोषली जाते. शेवटी पाणी त्याला पुन्हा पोटात घेते, हायड्रोजन मोकळा होऊन परततो, आणि चक्र चालू राहते. सारे निःशब्द.

७/ कॉम्प्रेसरच्या कुळाची अडचण वेगळी होती. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा प्रसिद्ध ‘मॉनिटर टॉप’ बाजारात आला. डोक्यावरच्या गोल यंत्रामुळे लोकांना अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेचा बुरूज आठवला, म्हणून हे नाव. त्यात सल्फर डायऑक्साइड असे. वायू गळला तर घरच्यांच्या जिवावर बेतू शकत असे. बर्लिनमधील अशाच एका दुर्घटनेची बातमी वाचून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हलत्या भागांविना चालणाऱ्या फ्रिजकडे वळले, असे सांगितले जाते. त्यांना १९३० मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले.

८/ पण त्याच वर्षी थॉमस मिजलीने फ्रिऑनची घोषणा केली. हा वायू विषारी नाही आणि पेट घेत नाही, हे दाखवण्यासाठी त्याने तो भर सभेत छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवली. कॉम्प्रेसरच्या मार्गातला मोठा अडसर दूर झाला. जेथे वीज पोहोचली होती तेथे ज्योतीचा फ्रिज मागे पडला. जेथे नव्हती तेथे मात्र तो टिकला, आणि आमचे गाव दुसऱ्या प्रकारात मोडत होते.

९/ गावात वीज आली तेव्हा डॉक्टरआजोबांनी दिव्याच्या जागी तापणारी कांडी बसवून घेतली. तिचे पोर्सेलीनचे टोक अजून जागेवर आहे. काही वर्षांनी मूळ नळ्या निकामी झाल्या. तेव्हा कोणा कारागिराने त्या कापून काढल्या आणि दुसऱ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर व जाळी जोडली. म्हणजे या एका पेटीने शीतकरणाच्या एका कुळातून दुसऱ्यात प्रवेश केला. पुढे कॉम्प्रेसरही थंडावला, आत फळ्या आल्या आणि पापड आले.

१०/ नवा फ्रिज का घेतला नाही? १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचा तुटवडा पडला आणि आयातीवर कडक निर्बंध आले. १९५८ मध्ये गोदरेजने देशात फ्रिजचे उत्पादन सुरू केले, तरी पुढे कितीतरी वर्षे फ्रिज ही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचीच वस्तू राहिली. वस्तू टाकून देणे हा पर्याय नव्हता. तिला नवा जन्म देणे हाच होता. तो कडी-कोयंडा आणि त्या सायकलच्या ट्यूबा त्या अर्थव्यवस्थेची कागदपत्रेच म्हणायची.

११/ हे शहाणपण मला आज सुचते आहे. तेव्हा माझा बेत साधा होता: नंतरची सगळी ‘भेसळ’ काढायची आणि फ्रिज मूळ रूपात आणायचा. पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन मी पाठीचा पत्रा घासायला घेतला. वर हिरव्या तैलरंगाचा ओबडधोबड थर होता. तीन तासांत डावा अर्धा भाग लख्ख झाला. उजवीकडे वळलो तेव्हा रंगाच्या पोपड्याखाली पेन्सिलीच्या रेघा दिसल्या.

१२/ त्या रेघा म्हणजे तारखांचे रकाने होते. डॉक्टरआजोबा रॉकेल भरल्याची नोंद तेथेच करीत. उजव्या भागात १९६४ च्या काही नोंदी वाचता आल्या: ‘भरले’, ‘भरले’, ‘वात बदलली’. साधारण आठ दिवसांचे अंतर. पावसाळ्याच्या तोंडाशी तो रकाना संपतो आणि पुढचा डावीकडे सुरू होत असावा. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असे. त्या चार महिन्यांत रॉकेल मिळत होते का? फ्रिज चालू होता का? इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाचे काय होत असे? उत्तर त्या डाव्या पत्र्यावर होते. ते मी घासून काढले होते.

१३/ या चुकीला इतिहासात नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मध्ययुगीन चर्च ‘मूळ’ रूपात आणण्याच्या उत्साहात भिंतींवरचे शतकांचे गिलावे खरवडले गेले. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिचे टोपणनाव होते ‘खरवड-विरोधी’. परीक्षेसाठी हे मी पाठ केले होते. पॉलिश पेपर हातात असताना मात्र ते आठवले नाही.

१४/ १९६४ चीच आणखी एक नोंद सांगतो. त्या वर्षी व्हेनिसमध्ये वास्तुसंवर्धनाची सनद तयार झाली. तिच्यातली दोन तत्त्वे येथे लागू पडतात. एक, जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. दोन, वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेल्या रास्त भरीचा मान राखावा. सारे एकाच शैलीत आणणे हे उद्दिष्ट नव्हे. तिकडे ही तत्त्वे लिहिली जात होती आणि इकडे डॉक्टरआजोबा पत्र्यावर ‘भरले’ लिहीत होते.

१५/ मग काय केले? राजापुरातील एका वयस्कर मेकॅनिककाकांना बोलावले. त्यांनी तांब्याच्या जोडावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “हात चांगला होता माणसाचा. काढू नकोस.” वायू केव्हाच उडून गेला होता. त्या जातीचा जुना वायू पुन्हा भरण्याचा प्रश्नच नव्हता: १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी असे वायू ओझोनचा थर विरळ करतील हे दाखवले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि आता त्यांचे उत्पादन बंद आहे. कॉम्प्रेसर जागेवर ठेवला. वायर तेवढी काढली. दिव्याचा खण गंज काढून तेल लावून ठेवला. उरलेल्या हिरव्या रंगाला हात लावला नाही.

१६/ एक गोष्ट मात्र काढली: कडी-कोयंडा. बाहेरून अडकणाऱ्या दारामागे मुले गुदमरून मेल्याच्या घटनांमुळे अमेरिकेने १९५६ मध्ये फ्रिजचे दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा केला. आमच्या घरी सुट्टीत मुले लपाछपी खेळतात. इतिहासाचा मान राखायचा, पण त्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. आधी छायाचित्रे घेतली, मापे लिहिली, मगच स्क्रू फिरवला. कडी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, फ्रिजमध्येच ठेवली आहे.

१७/ तुमच्या माळ्यावरही असे काही असेल. हात लावण्यापूर्वी चारही बाजूंनी तिरप्या उजेडात छायाचित्रे काढा. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. अमोनियाच्या जुन्या नळ्या तर कधीच कापू नका. त्यांत गंजरोधक म्हणून घातलेले क्रोमेट विषारी असते. आणि ‘हे कोणी बिघडवले?’ असे विचारण्याआधी ‘हे असे का करावे लागले?’ असे विचारा.

१८/ फ्रिज आता पुन्हा पडवीत आहे. आत्याने त्यात पापड ठेवले आहेत. पाठ अर्धी लख्ख, अर्धी हिरवी आहे. पाहुणे विचारतात, अर्धेच काम का सोडले? लख्ख अर्ध्याला मी मुद्दाम पुन्हा रंग दिलेला नाही. त्या फ्रिजवरचा तो सर्वांत अलीकडचा फेरफार आहे. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि माझे नाव लिहून ठेवले आहे.