परीकथापटांतील भय

परीकथा ही मुलांची वस्तु असें आपण म्हणतों. परंतु ती मुलांच्या हातीं देतांना तींतलें काय ठेवावें आणि काय गाळावें, हें नेहमीं मोठ्या माणसांनींच ठरविलें आहे. सहकुटुंब पाहावयाच्या परीकथापटांचा इतिहास चाळतांना असें वाटूं लागतें कीं, हें ठरवितांना मोठ्यांनीं मुलांच्या भयापेक्षां स्वतःच्या भयाकडेच अधिक लक्ष पुरविलें. विधान धाडसाचें आहे खरें. तेव्हां तें एका सर्वपरिचित कथेवर प्रथम घासून पाहूं.

हिमगौरीची कथा ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं आपल्या संग्रहांत छापली, तेव्हां आरशास सौंदर्याचा कौल लावणारी ती राणी हिमगौरीची सख्खी आई होती. पोटच्या मुलीस रानांत नेऊन मारावयास सांगणारी, आणि तिचींच समजून रानडुकराचीं फुप्फुसें व यकृत मीठ घालून शिजवून खाणारी आई! पुढें १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ही आई बाळंतपणांत मरते व तिच्या जागीं सावत्र आई येते. पाठभेदाचें हें काम मुख्यत्वें धाकट्या विल्हेल्मचें. आश्चर्य हें कीं, तें मांसभक्षण तसेंच राहिलें, आणि लग्नमंडपांत लाल तापलेले लोखंडी जोडे घालून राणीस मरेपर्यंत नाचविण्याची शिक्षाहि तशीच राहिली. म्हणजे संपादकास रक्ताचें वावडें नव्हतें. आई दुष्ट असावी, एवढेंच त्यास सोसवेना. आपल्या आटपाट नगरांतल्या कहाण्यांतहि सावत्र आईच कां छळते, याचा विचार या प्रकाशांत करून पाहण्यासारखा आहे.

बालपणीं पाहिलेला हिमगौरीचा एक मूकपट वॉल्ट डिस्ने यांच्या मनांत घर करून राहिला होता. त्यांनीं सुमारें पंधरा लक्ष डॉलर खर्चून या कथेचा संपूर्ण लांबीचा व्यंगपट काढला, आणि १९३७ च्या २१ डिसेंबर रोजीं लॉस एंजल्स येथें तो प्रथम दाखविण्यांत आला. त्यांत यकृतभक्षण नाहीं. एका पेटींत घातलेलें हृदय आहे, तेंहि पेटीबाहेर पडत नाहीं. लोखंडी जोडेहि गेले. राणी कड्यावरून बुटक्यांवर शिळा लोटावयास जाते, तोंच वीज कोसळते, कडा तुटतो, आणि गिधाडें संथपणें खालीं उतरूं लागतात. दृश्य अप्रतिम आहे. परंतु येथें एक गोष्ट निसटली असें मला वाटतें. मूळ कथेंत अपराधाचा हिशेब माणसें चुकवितात, मग तो कितीहि क्रूर असो. चित्रपटांत तो आकाशावर सोंपविला जातो आणि चांगल्यांचे हात स्वच्छ राहतात. हें स्वच्छ हात कोणाच्या समाधानासाठीं? गोष्ट ऐकणारें मूल तर राक्षसाचें पुढें काय झालें हें विचारल्याखेरीज झोंपत नाहीं.

इतकें सौम्य करूनहि १९३८ सालीं ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळानें या चित्रपटास ‘ए’ प्रमाणपत्र दिलें. म्हणजे सोळा वर्षांखालील मुलानें तो मोठ्या माणसासोबतच पाहावा. अनेक स्थानिक संस्थांनीं हा निर्णय बाजूस सारला, आणि आज त्याच देशांत तोच चित्रपट सर्वांस मोकळा आहे. मंडळाची थट्टा पुष्कळ झाली; परंतु त्याचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. पुस्तकांतलें रान मूल आपल्या सोशिकतेइतकेंच काळें करतें. पडद्यावरचें रान चित्रकारानें रंगविलेलें असतें, आणि त्या झाडांना डोळे व हात फुटलेले असतात. शिवाय आजी गोष्ट सांगतांना मध्येंच थांबूं शकते; चित्रपटाचें यंत्र थांबत नाहीं. नीट पाहिलें तर त्या प्रमाणपत्रानें मुलाशेजारीं एक मांडी असावी, इतकेंच मागितलें होतें.

याहून करडी गोष्ट पिनोकिओची. कोलोदी या इटालियन लेखकानें ती १८८१ मध्यें मुलांच्या एका साप्ताहिकांत चालविली, आणि कोल्हा व मांजर त्या लांकडी पोराला झाडावर फांशीं देतात, तेथें संपविली. वाचकांच्या आग्रहास्तव ती पुढें चालूं झाली. डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटांत फांस नाहीं. परंतु गाढव होणाऱ्या पोरांचें जें दृश्य आहे, त्यास मला तोड आठवत नाहीं. हातांचे खूर होत असलेले भिंतीवरील सावलींत दिसतात, आणि तो दांडगा पोर आईला हाका मारतां मारतां खिंकाळूं लागतो. त्या पोरांना विकणाऱ्या गाडीवानावर येथें वीज पडत नाहीं, आणि एकहि पोर घरीं परत येत नाहीं. पुस्तकांत हा मित्र गाढव होऊनच एका तबेल्यांत मरतो, व पिनोकिओ त्यास ओळखतो. चित्रपट मात्र मागें वळूनहि पाहत नाहीं.

पुढील चाळीस वर्षांचा आढावा येथें नको. अमेरिकेंत १९८४ सालीं पालकांच्या तक्रारींवरून तेरा वर्षांची नवी पायरी निघाली. आपल्याकडे १९८३ पासून ‘यूए’ आला, व २०२३ च्या दुरुस्तीनें त्याचे सात, तेरा व सोळा असे पोटभेद झाले. भयाचें माप आंकड्यांत सांपडतें, असा हा विश्वास आहे.

त्या मापांत न बसणारें एक उदाहरण १९८५ चें. ओझच्या कथांचे जनक बॉम यांनीं १९०० सालीं प्रस्तावनेंत, आपण दुःस्वप्नें गाळून केवळ आनंद ठेवला आहे, असें सांगितलें होतें. पण त्यांच्याच १९०७ च्या पुस्तकांत तीस डोकीं आलटून पालटून घालणारी एक राजकन्या आहे. वॉल्टर मर्च यांनीं ‘रिटर्न टु ओझ’ मध्यें तीं डोकीं कपाटांत मांडून दाखविलीं. चित्रपट पडला. १९३९ च्या गाण्यांची आठवण घेऊन आलेल्यांस तो रुचला नाहीं. परंतु त्यांतील खरें भय कपाटांत नाहींच. डोरोथीस झोंप येत नाहीं म्हणून तिची प्रेमळ मावशी तिला विजेच्या उपचारासाठीं एका वैद्याकडे नेऊन सोडते, आणि गाडींत बसून निघून जाते!

रोआल्ड डाल यांच्या १९८३ च्या कथेंत चेटकिणींनीं उंदीर केलेला मुलगा शेवटपर्यंत उंदीरच राहतो. उंदराचें आयुष्य थोडें. पण आजीचेंहि थोडेंच उरलें आहे, तेव्हां दोघें बरोबरच जाऊं, यांत त्याला समाधान आहे. १९९० च्या ‘द विचेस’ या चित्रपटानें त्याला पुन्हां माणूस केलें, आणि डाल संतापले. मुलगा उंदीर राहण्यास राजी होता. राजी नव्हते ते चित्रपट काढणारे.

आणि २००९ सालीं ‘कोरलाइन’ आला. नील गेमन यांच्या कथेवरून हेन्री सेलिक यांनीं तो बाहुल्या तसूतसूनें हलवून घडविला. भिंतींतल्या लहान दारापलीकडे एक आई आहे. ती रुचकर जेवण वाढते, लाड करते, आणि मुलीच्या डोळ्यांवर गुंड्या शिवूं पाहते. १८१९ सालीं कथेंतून बाहेर काढलेली बाई अशी पुन्हां घरांत आली. मात्र तिच्या नांवाआधीं ‘दुसरी’ हा शब्द अजून आहेच. शेवटीं सुटून आलेल्या खऱ्या आईस यांतलें कांहींच आठवत नाहीं.