संवेदी साधनांची निवड

संवेदी साधने म्हणजे स्पर्श, दाब, आवाज, प्रकाश किंवा हालचाल यांची तीव्रता कमी-अधिक करून बालकाला दैनंदिन कृती सुकर करून देणाऱ्या वस्तू होत. आवाज रोखणारे हेडफोन, वजनी पांघरूण, झोपाळा, चघळण्याची साधने, हातात खेळवण्याच्या छोट्या वस्तू यांचा त्यांत समावेश होतो. संवेदनांवर प्रक्रिया करण्यात अडचण असलेल्या बालकांसाठी ती वापरली जातात. ही अडचण स्वमग्नता व अवधान-न्यूनता अतिचंचलता यांच्यासोबत अनेकदा आढळते. मात्र ती असलेले प्रत्येक बालक स्वमग्न असतेच असे नाही. एकच साधन एका बालकाला शांत करते, तर दुसऱ्याला अस्वस्थ करते. त्यामुळे साधनाची निवड त्याच्या किमतीवरून किंवा लोकप्रियतेवरून न करता त्या बालकाच्या निरीक्षणावरून करावी लागते.

पार्श्वभूमी

मेंदू विविध इंद्रियांकडून आलेली माहिती एकत्र करून तिचा उपयोग कसा करतो, याविषयीचा संवेदी एकात्मीकरणाचा सिद्धान्त अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ ए. जीन आयर्स (१९२०–१९८८) यांनी मांडला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आहे. परिचित पाच इंद्रियांबरोबरच आयर्स यांनी दोन संवेदनांना विशेष महत्त्व दिले : अंतर्कर्णातून मिळणारी तोलाची संवेदना आणि स्नायू व सांधे यांच्यातून मिळणारी शरीरस्थितीची संवेदना. १९९७ मध्ये विनी डन यांनी बालकांच्या प्रतिसादांची चार गटांत मांडणी केली : संवेदनांची मंद नोंद घेणे, संवेदना शोधणे, संवेदनांनी चटकन विचलित होणे आणि संवेदना टाळणे.

भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले प्रशिक्षण सुरू केले. संवेदी साधनांविषयीचा सल्ला प्रामुख्याने याच शाखेतील तज्ज्ञ देतात.

निदानविषयक स्थिती

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदी प्रक्रिया विकार असे स्वतंत्र निदान नाही. संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक मानले आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये अशी शिफारस केली. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु केवळ संवेदी अडचण नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, अडचण खरी असली तरी केवळ तिच्या आधारे बालकाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि साधनांचा खर्च कुटुंबावर पडतो.

निवडीपूर्वीची तपासणी

संवेदी अडचणीसारखी दिसणारी अनेक लक्षणे अन्य कारणांनी उद्भवतात. हाक मारल्यावर लक्ष न देणाऱ्या बालकाला ऐकू कमी येत असू शकते. कानाला हात लावू न देणाऱ्याचा कान दुखत असू शकतो. अन्न नाकारणाऱ्याचा दात किडलेला असू शकतो. सतत अंग चोळणाऱ्याला खरूज असू शकते. म्हणून श्रवण, दृष्टी, दात, त्वचा व पोषण यांची तपासणी आधी केली जाते. ती वगळल्यास साधन हाती येते, पण उपचार करता येण्याजोगे दुखणे तसेच राहते.

त्यानंतर एक-दोन आठवडे साधी नोंद ठेवली जाते : त्रास कोणत्या वेळी व कोठे झाला, त्याआधी काय घडले, तो किती वेळ टिकला आणि कशाने थांबला. उदाहरणार्थ, शालेय पोषण आहाराच्या वेळी उठून पळणारे बालक ताटांच्या खणखणाटापासून पळते, वरणभाताच्या ओलसर स्पर्शापासून की गर्दीतील धक्क्यांपासून, हे नोंदीतूनच कळते. पहिल्या स्थितीत कडेची जागा किंवा कानावरचे आवरण उपयोगी ठरते, दुसऱ्या स्थितीत वरण वेगळ्या वाटीत देणे आणि तिसऱ्या स्थितीत रांगेत शेवटी उभे करणे. यांतील बहुतेक उपायांना वस्तू लागत नाही; बदल परिस्थितीत करावा लागतो.

साधनांचे प्रकार

आवाजासाठी : कानावर बसणारी आवरणे मिरवणूक, फटाके किंवा गर्दीचे सभागृह अशा ठरावीक प्रसंगांपुरती वापरावीत. ती दिवसभर घातल्यास नेहमीचे आवाजही अधिक असह्य वाटू लागण्याचा धोका तज्ज्ञ सांगतात.

दाबासाठी : वजनी पांघरूण व जाकीट, घट्ट बसणारे कपडे, दोन उशांमध्ये दाबून बसणे. अमेरिकन शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःसाठी तयार केलेल्या दाबयंत्राच्या अनुभवावर १९९२ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधामुळे खोल दाबाच्या शामक परिणामाकडे लक्ष वेधले गेले.

हालचालीसाठी : झोपाळा, मोठा चेंडू, उड्या मारण्याची जाळी. सरळ रेषेतील संथ झोका सहसा शांत करतो. गरगर फिरवणे उत्तेजित करते.

हातांसाठी : माती, कणीक, मऊ चेंडू, गाठी मारलेली दोरी. वर्गातील साधन आवाज न करणारे आणि न पाहता हाताळता येणारे असावे. २०१७ मध्ये जगभर लोकप्रिय झालेली बोटांवरची फिरकी नजर वेधून घेते; पुढील काही अभ्यासांत तिच्यामुळे मुलांचे लक्ष कमी झाल्याचे दिसले.

तोंडासाठी : विषारी द्रव्ये नसलेल्या रबरी चघळण्या, तसेच गाजर, भाकरीचा कडक पापुद्रा यांसारखे पदार्थ.

कर्जत व खालापूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तेथील आवाजांचे स्वरूप जागेनुसार बदलते. कर्जत स्थानकात बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. खालापूर तालुक्यातून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जातो. खोपोली हे औद्योगिक नगर आहे. महड येथील अष्टविनायकांपैकी वरदविनायकाच्या मंदिरात चतुर्थीला मोठी गर्दी होते. वाड्या-वस्त्यांवर पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावरील पावसाचा मारा तासन्‌तास चालतो. आवाजाने त्रस्त होणाऱ्या बालकासाठी अशा दिवसांत घरातील कमी आवाजाचा कोपरा ठरवणे हे हेडफोनआधीचे पाऊल असते. ओले कपडे, रेनकोटचे चिकटणारे प्लॅस्टिक व चिखल यांमुळे स्पर्शाच्या तक्रारीही पावसाळ्यात वाढू शकतात. कोरड्या सुती कपड्यांचा जादा जोड हा त्यावरचा साधा उपाय आहे.

या भागात ठाकूर व कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात. अशा बालकासाठी भिंतीला किंवा छताला कायम बसवलेले साधन निरुपयोगी ठरते. गाठोड्यात मावणारे आणि कोठेही वापरता येणारे साधन टिकते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या बालकाच्या बाबतीत झोपण्याची जागा दाराजवळ आहे की भिंतीकडेला, यानेही फरक पडतो.

घरगुती वस्तूंतून अनेक साधने मिळतात. जुन्या साड्यांची जाड गोधडी काही प्रमाणात दाबाची जाणीव देते. घोंगडी मात्र टोचत असल्याने स्पर्श टाळणाऱ्या बालकाला नकोशी वाटते. अंगणातील झोपाळा, भाकरीचे पीठ मळणे, वयाला झेपेल एवढी लहान कळशी उचलणे यांतून हालचाल व स्नायूंची संवेदना मिळते. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या पेणमुळे परिचित झालेली शाडूची मातीही हातांच्या कामासाठी उपयोगी आहे. घरकामात सहभागी होणारे बालक उपचारासाठी वेगळे काढले जात नाही, हा अशा साधनांचा आणखी एक लाभ होय.

चाचणी व मूल्यमापन

एका वेळी एकच साधन सुरू करावे व त्याचे उद्दिष्ट मोजता येण्याजोगे असावे. ‘मूल शांत होईल’ याऐवजी ‘दप्तर भरण्याच्या वेळी रडणे दहा मिनिटांवरून पाचवर येईल’ असे उद्दिष्ट ठरवल्यास साधनाचा उपयोग होतो की नाही, हे दोन-तीन आठवड्यांत स्पष्ट होते. फरक न पडल्यास साधन बंद करावे. बालकाने दूर ढकललेले साधन त्याच्यावर लादू नये आणि ते बक्षीस म्हणून देऊ नये किंवा शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. शिक्षकाला साधनाचे कारण सांगणे आवश्यक असते. अन्यथा तीच वस्तू वर्गात खेळणे समजून जप्त होते.

सुरक्षितता

वजनी पांघरूण तान्ह्या बाळांसाठी कधीही वापरू नये. मोठ्या मुलांतही बालकाला ते स्वतः दूर करता आले पाहिजे आणि डोके झाकले जाता कामा नये. २००८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात शाळेत वजनी पांघरुणात गुंडाळलेल्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. ‘शरीराच्या वजनाच्या दहा टक्के’ हे प्रचलित प्रमाण केवळ अंदाज आहे.

लहान मुलांना धान्य, चणे किंवा शेंगदाणे खेळण्यास दिल्यास ते श्वासनलिकेत अडकू शकतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी गिळल्यास आतड्यात अडथळा निर्माण होतो. बटणाच्या आकाराचे विद्युतघट व शक्तिशाली चुंबके असलेली खेळणीही धोकादायक आहेत. झोपाळ्याचा हूक व आढे यांची मजबुती वेळोवेळी तपासावी.

परिणामकारकतेचा पुरावा

साधनांच्या प्रसाराच्या तुलनेत त्यांविषयीचा पुरावा मर्यादित व संमिश्र आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधील ६७ स्वमग्न बालकांवरील चाचणीत वजनी पांघरुणामुळे झोपेत मोजता येईल अशी सुधारणा झाली नाही. तरीही मुलांनी व पालकांनी त्याला पसंती दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील ३२ बालकांच्या चाचणीत संवेदी एकात्मीकरण उपचारानंतर वैयक्तिक उद्दिष्टांत प्रगती दिसली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३८ बालकांवरील ब्रिटिश चाचणीत मात्र हा उपचार नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरला नाही. त्यामुळे साधनांकडे अडचण बरी करणारा उपचार म्हणून नव्हे, तर विशिष्ट प्रसंगातील सोय म्हणून पाहिले जाते.

उपलब्ध सेवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्यातील पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. विकासात्मक विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. कर्जत येथे उपजिल्हा रुग्णालय असून जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे. स्वमग्नतेचे निदान झाल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो व त्यात उपचारसत्रांचा समावेश होतो.

हेही पहा

व्यवसायोपचार
स्वमग्नता
अवधान-न्यूनता अतिचंचलता
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम