मॉरिशसचे सागरी केबलमार्ग
हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्रास बाह्य जगाशी जोडणाऱ्या, समुद्रतळावरून नेलेल्या तारायंत्रीय व प्रकाशीय तंतूंच्या केबलींचे मार्ग. मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. वर असून रॉड्रिग्ज व इतर लहान बेटांसह त्याचे क्षेत्रफळ सु. २,०४० चौ. किमी. आहे. ब्रिटिश अमदानीत १८३४ पासून येथील ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः कोकणातील, मराठी भाषिकही होते. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा व गणेशोत्सव यांची परंपरा जतन केली असून गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी असते. या बेटावर केबल केव्हा व कोणत्या दिशेने यावी, हे दीर्घकाळ तेथील रहिवाशांच्या गरजेपेक्षा दूरच्या सत्ताकेंद्रांच्या व व्यापारी कंपन्यांच्या सोयीने ठरत आले. त्यामुळे मॉरिशसच्या केबलमार्गांचा इतिहास हा बेटाच्या परावलंबनाचा आणि ते कमी करण्याच्या प्रयत्नांचाही इतिहास आहे.

तारायंत्राचा काल : १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि यूरोप-भारत जलवाहतूक तांबड्या समुद्रातून होऊ लागली. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांचा थांबा म्हणून मॉरिशसला असलेले महत्त्व त्यामुळे घटले. केबलींनीही हीच वाट धरली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या साहाय्याने मुंबई, एडन व सुएझ यांना जोडणारी केबल टाकण्यात आली आणि मुंबईचा लंडनशी सागरी तारसंबंध जुळला. १८७९ मध्ये एडनहून झांझिबार व मोझँबीकमार्गे दरबानपर्यंत केबल पोहोचली. मॉरिशस मात्र या दोन्ही मार्गांच्या बाहेर राहिले.

१८९३ मध्ये ईस्टर्न अँड साउथ आफ्रिकन टेलिग्राफ कंपनीने झांझिबार–सेशेल्स–मॉरिशस ही केबल टाकली. तिच्यामुळे लंडनमधील साखरेचे भाव त्वरित कळू लागले. साखरेच्या निर्यातीवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या या वसाहतीच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. तथापि तारेचा आकार शब्दागणिक घेतला जाई. त्यामुळे तिचा लाभ मुख्यतः शासन, मळेवाले व व्यापारी यांना झाला. मजुरांचा मायदेशाशी संबंध पूर्वीप्रमाणेच जहाजाने जाणाऱ्या पत्रांपुरता मर्यादित राहिला.

१९०१ मध्ये दरबान–मॉरिशस–रॉड्रिग्ज–कोकोस–पर्थ हा मार्ग पूर्ण झाला. आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांमधील ब्रिटिश प्रदेशांना ब्रिटिश नियंत्रणाखालील केबलीने जोडणे, हा त्यामागील हेतू होता. मॉरिशस व रॉड्रिग्ज ही बेटे त्या वाटेवरील विसाव्याची ठाणी ठरली. अशा ठाण्यांचे युद्धकालीन महत्त्व पहिल्या महायुद्धात प्रत्ययास आले. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेच्या सैनिकांनी कोकोस येथील केबलकेंद्राची मोडतोड केली. केंद्राने तत्पूर्वी पाठविलेल्या इशाऱ्यामुळे ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ ही नौका तेथे पोहोचली व तिने ‘एम्डेन’ला निकामी केले.

या केबलींत मध्यभागी तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या विसंवाहकाचे वेष्टन आणि बाहेरून लोखंडी तारांचे कवच असे. अंतरागणिक संकेत क्षीण व अस्पष्ट होत. म्हणून मधल्या बेटांवरील केंद्रांत ते पुन्हा पुढे पाठवावे लागत. लहान बेटांना केबलींच्या जाळ्यात जे स्थान मिळाले, त्याचे हे एक तांत्रिक कारण होय.

प्रकाशीय तंतूंचा काल : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपग्रहसंदेशवहनाचा प्रसार झाला. तथापि भूस्थिर उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संकेताच्या एका फेरीस सु. पाव सेकंद लागतो आणि उपग्रहाची संदेशवहनक्षमताही मर्यादित असते. इंटरनेटच्या प्रसारानंतर ही अडचण तीव्र झाली. आधुनिक केबलीत केसाइतक्या बारीक काचतंतूंतून प्रकाशरूपाने संकेत जातात. ठराविक अंतरावरील विवर्धक ते पुन्हा सबळ करतात आणि या विवर्धकांना लागणारी वीज किनाऱ्यावरून केबलीतूनच पुरविली जाते. खोल समुद्रात केबल बागेतील पाण्याच्या नळीएवढी जाड असते. किनाऱ्यानजीक मात्र नांगर व मासेमारीची जाळी यांपासून रक्षण करण्यासाठी तिला पोलादी कवच देतात.

२००२ मध्ये ‘सेफ’ ही केबल कार्यान्वित झाली. दक्षिण आफ्रिका, रेयून्याँ, मॉरिशस, भारत व मलेशिया यांना ती जोडते. मॉरिशसमध्ये ती दक्षिण किनाऱ्यावरील बे जाकोते येथे, तर भारतात कोची येथे उतरते. याच सुमारास मॉरिशसने भारताच्या सहकार्याने एबेन येथे सायबरसिटी उभारण्यास प्रारंभ केला. साखर व वस्त्रोद्योग यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग वाढविण्याचे हे धोरण अखंड केबलसंबंधावर विसंबून होते. परंतु केबल एकच होती. ती तुटल्यास दुरुस्तीसाठी खास जहाज येऊन जोड देईपर्यंत कित्येक दिवस जाऊ शकत.

ही उणीव क्रमाक्रमाने भरून काढण्यात आली. २००९ मध्ये मादागास्कर, रेयून्याँ व मॉरिशस यांना जोडणारी ‘लायन’ ही केबल सुरू झाली. २०१२ मध्ये तिचा विस्तार मायोत व केन्यापर्यंत झाला. २०२१ मध्ये आलेल्या ‘मेटिस’ या केबलीने दक्षिण आफ्रिकेकडे जाणारा पर्यायी मार्ग दिला. ही केबल टाकण्यात प्रदेशातील दूरसंचार कंपन्यांनीच पुढाकार घेतला होता. त्यानंतर २०२३ मध्ये ‘टी३’ ही आणखी एक केबल दक्षिण आफ्रिकेपर्यंत नेण्यात आली.

रॉड्रिग्जचे उदाहरण : मॉरिशसपासून सु. ५६० किमी. पूर्वेस असलेल्या या छोट्या बेटावर १९०१ मध्येच केबल उतरली होती, कारण ते साम्राज्याच्या वाटेवर होते. तारायंत्राचे युग संपताच ते कारणही संपले. पुढे प्रकाशीय तंतूंच्या आंतरखंडीय केबली आल्या, पण त्यांना संकेत पुन्हा पाठविण्यासाठी मधल्या बेटाची गरज उरली नव्हती. रॉड्रिग्जचे रहिवासी उपग्रहाच्या अपुऱ्या व महाग सेवेवर अवलंबून राहिले. २०१९ मध्ये मॉरिशसहून सु. ७०० किमी. लांबीची ‘मार्स’ ही केबल तेथे नेण्यात आली. ही केबल पुढे कोठेही जात नाही. ती केवळ रॉड्रिग्जसाठी आहे. दुसऱ्याच्या वाटेवरील ठाणे म्हणून नव्हे, तर तेथील लोकवस्तीसाठी या बेटावर आलेली ती पहिलीच सागरी केबल होय.