शिव्यांतला ‘खोर’

आदिलाबाद, किनवट, राजुरा हा एकेकाळी निजामाचा एकच जिल्हा. १९५६ साली किनवट-राजुरा मुंबई राज्यात आले, आदिलाबाद तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले. पण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाच्या तोंडी हरामखोर, लाचखोर, भांडखोर ही दूषणे सारखीच आहेत. ती निजामाच्या उर्दू कचेरीने लादली, असे कुणी म्हणेल. ते पटत नाही. हैदराबादच्या दफ्तरात फारसीच्या जागी उर्दू आली १८८४ साली, आणि मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘भांडखोर’ त्याआधीच नोंदलेला आहे. शिवाय लादलेला शब्द आपल्या भाषेत वंश वाढवत नाही. फारसी ‘खोर’ म्हणजे खाणारा. मराठीने तो उचलून भांडण, लाच, चहाडी अशा घरच्या शब्दांना जोडला. भांडण काही खाता येत नाही. म्हणजे इथे ‘खाणे’ मागे पडून खोड, चटक एवढाच अर्थ उरला.

मला त्याहून मोलाची वाटते ती या शिव्यांची नजर. चांडाळ हे दूषण माणसाच्या जन्मावर थुंकते. ‘भामटा’ म्हणताना एका जमातीचे नावच लबाडीचे नाव होते. ‘राजपूत भामटा’ आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘खोर’ कुळ विचारत नाही, करणी पाहतो. यावर खरा आक्षेप असा, की हरामखोर ही तर नमकहरामसारखीच धन्याने चाकरावर टाकलेली शिवी. अन्नदात्याशी बेइमानी हाच त्यांतला गुन्हा. मूळ तेच आहे, हे मान्य करायला हवे. पण लाचखोर हा शब्द शिवीचे तोंड उलटे फिरवतो: इथे खाणारा चाकर नसून अंमलदार आहे. असे अंमलदार याच आदिलाबादेत होते. १९४० मध्ये तिथल्या जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला धाडले. गोंडांच्या जमिनी सावकार आणि बाहेरचे लोक कसे बळकावत होते, खालचे अंमलदार पैसे कसे उकळत होते, हे त्याने लिहून ठेवले. जमिनीचा पट्टा होण्यासाठी आधी पटवाऱ्याचे हात ओले करावे लागत. अशा पटवाऱ्याला लाचखोर म्हणताना बोलणारा त्याची जात काढत नाही, त्याने काय घेतले तेवढेच बोलतो.