सायनाइड जळतं, धातू उरतो

सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो की जे आहे ते नाहीसं होत नाही, फक्त रूप बदलतं. हे आज मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या गटारात तपासून बघू. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गटारात कशाला उतरावं? तर प्रश्न तिथे जास्त स्वच्छ दिसतो म्हणून.

चांदी म्हटलं की आपल्याला हुपरीचे पैंजण आठवतात. पण विजेने चांदीचा पातळ मुलामा चढवायची विद्या बर्मिंगहॅमची. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून चांदी चांगली बसते, हे तिथल्या जॉन राइट या सर्जनला उमगलं आणि १८४० साली एल्किंग्टन यांनी त्याचं पेटंट घेतलं. धंदा जगभर गेला, मागोमाग सायनाइडचं सांडपाणीही गेलं.

गोची अशी, की सायनाइड धातूला इतकं घट्ट धरतं की नुसता चुना टाकून धातू खाली बसत नाही. आधी ती पकड सोडवावी लागते. तिथे ऑक्सिडीकरण कामाला येतं. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर, १७९९ साली ग्लासगोच्या टेनंटने कापडासाठी पेटंट केलेली. तिच्यातलाच क्लोरीन इथे चालतो. पाण्याचा सामू १० च्या वर ठेवून क्लोरीन दिला की सायनाइडचं सायनेट होतं. सामू थोडा उतरवून आणखी दिला की कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. सायनाइड संपलं! तांबं, जस्त, चांदी मात्र गाळात बसतात.

क्रोमियमचं नेमकं उलटं. त्याचं ऑक्सिडीकृत, सहा संयुजेचं रूपच घातक. त्याचं आम्लात क्षपण करावं लागतं. आणि तेच आम्ल सायनाइडच्या पाण्यात मिसळलं तर विषारी वायू सुटतो, व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार जागीच जातो. म्हणून दोन्ही गटारं वेगळी.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्राच्या पाच वर्षं आधी. मुलाम्याच्या सांडपाण्याला मर्यादा ठरल्या: लिटरमागे सायनाइड ०.२ मिलिग्रॅम, घातक क्रोमियम ०.१. घातक कचऱ्याचे नियम मात्र १९८९ साली आले. मधली वीस वर्षं आपण पाण्यातून काढलेल्या धातूला नष्ट झालेला धातू समजत होतो काय? गाळ उघड्यावर पडला आणि त्याला आम्लाचं पाणी लागलं, की तांबं, जस्त पुन्हा विरघळून ओढ्याला लागतात. तेव्हा कुणी पाण्याचा रिपोर्ट दाखवला, तर गाळ कुठे गेला त्याची नोंदही मागा.